खोटं मेसरश्मिट आणि खरा मनस्ताप

टीव्हीवर युद्धपट लागला की आमच्या घरात मला हटकून एखादं काम निघतं. दळण आणायचं असतं, शेजारच्या आजोबांना मोबाइलमधली अक्षरं मोठी करून द्यायची असतात, नाहीतर गच्चीवर जाऊन टाकीत पाणी किती आहे ते बघायचं असतं. रविवारी गिरणी बंद असते हे आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. तरीही पडद्यावर भोंगा वाजून पायलट विमानांकडे धावायला लागले, की बायको पिठाचा डबा माझ्या हातात देते. "बघून तर या. उघडी असली तर?"

मी परत येईपर्यंत युद्ध संपलेलं असतं. दोस्त राष्ट्रांचा विजय झालेला असतो आणि घरातल्यांचाही.

यात तिला दोष देण्यात अर्थ नाही. मी जुन्या लढाऊ विमानांची मॉडेलं करतो. प्लास्टिकच्या सांगाड्यातून सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि काचेच्या कपाटात ठेवून रोज त्यांच्याकडे बघायचं, एवढाच हा उद्योग. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटांचा पायलट एक इंचाचा होतो आणि स्पिटफायर तळहातावर मावतं. एअरफिक्स कंपनीने १९५३ साली आपलं पहिलं स्पिटफायर बाजारात आणलं, तेव्हापासून जगभरातल्या बापमाणसांची बोटं एकमेकांना चिकटत आलेली आहेत. या प्रमाणात आपला हात एक मिलिमीटर हलला, की खऱ्या विमानात सात सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की माणूस कामातून जातो. इतर लोक पडद्यावर नायक बघतात, नायिका बघतात. मी नायकाच्या मागे उभ्या असलेल्या विमानाची चाकं बघतो आणि नायक जरा बाजूला सरकेल का याची वाट बघतो.

माझी ही अवस्था पहिल्यांदा उघडकीला आली ती मेहुण्याच्या घरी. त्याने भिंतभर टीव्ही घेतला होता आणि उद्घाटनाला, मला खूश करायचं म्हणून, 'बॅटल ऑफ ब्रिटन' लावला होता. १९६९ चा सिनेमा, दिग्दर्शक गाय हॅमिल्टन. आकाशभर विमानं. बटाटेवडे गरम. जर्मन मेसरश्मिटांची तुकडी ढगातून खाली झेपावली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मेसरश्मिट नाही."

"मग काय आहे, दाजी?"

"बुचोन."

मेहुण्याने आधी वड्याकडे आणि मग बहिणीकडे पाहिलं. "दाजी, त्याच्यावर जर्मन क्रॉस आहे."

"क्रॉस कोणीही रंगवतो. धुराडी बघ. मेसरश्मिटला डेमलर-बेंझचं इंजिन उलटं टांगलेलं, त्यामुळे धुराड्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला हवी. इथे वर आहे. आणि पंख्याला पाती चार आहेत. त्या वेळच्या मेसरश्मिटला तीन."

"फिरता पंखा तुम्ही मोजला?"

"मघाशी विमान उभं होतं तेव्हा मोजला. थांब, आता पुन्हा दिसेल. हे बघ, हे..."

तोवर ते विमान पेटून इंग्लिश खाडीत पडलं होतं. माझं नेहमी असंच होतं. मी पुरावा सादर करेपर्यंत आरोपी समुद्राच्या तळाशी गेलेला असतो.

पण माझी बाजू खरी होती हो! युद्धाच्या काळात स्पेनने जर्मनीकडून मेसरश्मिट बांधायचा परवाना घेतला. जर्मनी स्वतःच अडचणीत आल्यावर तिथून इंजिनं येणं बंद झालं. स्पॅनिश लोक बिचारे सांगाडे घेऊन बसले. शेवटी पन्नाशीच्या दशकात त्यांनी त्यात ब्रिटिश रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन बसवलं. ते इंजिन नेहमीच्या पद्धतीने उभं, त्यामुळे विमानाचा गळा फुगला आणि त्याला छाती फुगवून चालणाऱ्या कबुतराचं नाव मिळालं, बुचोन. सिनेमावाल्यांना मेसरश्मिटं हवी होती; उडण्याजोगी खरी जवळपास उरलीच नव्हती; स्पेनचं हवाई दल नुकतंच बुचोनं निवृत्त करत होतं. त्यांची बॉम्बफेकी हाइंकेलंसुद्धा स्पेनमध्येच बांधलेली, आणि त्यांनाही मर्लिनच. थोडक्यात, त्या सिनेमात स्पिटफायरला मर्लिन, हरिकेनला मर्लिन, त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या मेसरश्मिटला मर्लिन आणि लंडनवर बॉम्ब टाकायला आलेल्या हाइंकेललाही मर्लिन. रोल्स-रॉइसने स्वतःवरच हल्ला केला, स्वतःच परतवला आणि विजयही स्वतःच साजरा केला. यात आणखी गंमत अशी, की १९३५ मध्ये मेसरश्मिटचा पहिलावहिला नमुना उडाला तोही रोल्स-रॉइसच्याच केस्ट्रेल इंजिनावर, कारण जर्मनांचं स्वतःचं तयार नव्हतं.

हे सगळं मी मेहुण्याला समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. नंतर कळलं, त्याने आवाज बंद करून खालची अक्षरं वाचत सिनेमा पाहिला. जर्मन वैमानिकांचे नामांकित सेनापती अडॉल्फ गॅलंड त्या सिनेमाला सल्लागार होते, हे सांगायचं माझं राहूनच गेलं. मध्ये जेवण वाढलं.

त्यानंतर मेहुण्याकडची आमंत्रणं "ताई, तू आणि छकुली या" अशा शब्दांत येऊ लागली.

'डंकर्क' मात्र थिएटरात पाहिला. २०१७ साल, ख्रिस्तोफर नोलनसारखा काटेकोर दिग्दर्शक, खरी विमानं वापरल्याच्या बातम्या. अंधार झाला, समुद्र दिसला, ढगांतून जर्मन विमान निघालं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. बुचोन! जवळजवळ पन्नास वर्षांनी तेच फुगलेल्या गळ्याचं स्पॅनिश कबूतर. वर नाक पिवळं रंगवलेलं. जर्मनांनी नाकं पिवळी करायला सुरुवात केली ती डंकर्कनंतर. नोलनसाहेबांना हे माहीत होतं. प्रेक्षकाला शत्रू चटकन ओळखता यावा म्हणून त्यांनी मुद्दाम ते नाक आधीच रंगवलं. ज्याला माहीत नाही त्याला माणूस माफ करतो. ज्याला माहीत आहे आणि तरी करतो, त्याचं काय करायचं? मी तोंड उघडणार एवढ्यात बायकोने माझ्या तोंडात पॉपकॉर्न कोंबलं. मूठभर. पुढे शेवटाकडे त्या स्पिटफायरचं इंधन संपतं, पंखा थांबतो आणि तरी ते किनाऱ्यावरून तरंगत राहतं, तरंगताना एक जर्मन विमानही पाडतं. मी पॉपकॉर्न गिळायच्या आत शेजारून मुलीचा आवाज आला.

"बाबा, इंजिन बंद आहे ना? मग ते अजून खाली का येत नाहीये?"

मला भरून आलं. बायकोने कपाळाला हात लावला. रोग पुढच्या पिढीत उतरला होता.

सिनेमावाल्यांचा मला तसा राग नाही, पण ते आमच्यासारख्यांना धरून चालत नाहीत एवढं नक्की. 'व्हेअर ईगल्स डेअर'मध्ये गोष्ट घडते महायुद्धाच्या ऐन भरात, आणि जर्मनांच्या किल्ल्यात उतरतं ते बेलचं हेलिकॉप्टर, जे पहिल्यांदा उडालंच महायुद्ध संपल्यावर. 'तोरा! तोरा! तोरा!'मध्ये जपानची झीरो विमानं म्हणजे अमेरिकेची शिकाऊ टेक्सन, मेकअप करून. आपल्या हवाई दलातल्या पोरांनी याच टेक्सनवर, हार्वर्ड या नावाने, उडायचे धडे गिरवले. पण त्याच सिनेमात एक मोठं बॉम्बर एका चाकावर उतरतं आणि धावपट्टीवर घासत जातं, ते दृश्य बनावट नाही. चित्रीकरणात त्या विमानाचं चाक खरोखरच अडकलं आणि मंडळींनी तो अपघात तसाच सिनेमात घालून टाकला. तेवढं दृश्य मी दर वेळी मागे नेऊन पुन्हा बघतो. घरातले मला थांबवत नाहीत, कारण तेवढा वेळ मी गप्प असतो.

आणि 'टॉप गन'! १९८६ च्या त्या सिनेमात शत्रूचं विमान आहे 'मिग-२८'. मिग कारखान्याच्या लढाऊ विमानांचे आकडे विषम असतात. एकवीस, तेवीस, सत्तावीस, एकोणतीस. पडद्यावरचं ते काळंकभिन्न विमान मुळात अमेरिकेचंच एफ-५, फक्त काळ्या रंगात बुडवून काढलेलं. आमचे एक नातेवाईक ओझरच्या कारखान्यात होते, जिथे मिग-२१ बांधली जात. उभा जन्म त्यांनी मिगच्या पंखांखाली काढला. त्यांना मी हा सिनेमा मुद्दाम दाखवला. 'मिग-२८' हे नाव ऐकून त्यांनी टीव्हीकडे नीट पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडून नाही गेलेलं हे." आणि सुपारी कातरायला लागले. एवढा नेमका चित्रपट-परीक्षक मी दुसरा पाहिलेला नाही.

हिंदी सिनेमाच्या बाबतीत मी जरा मवाळ होतो, पक्षपात म्हणा हवं तर. 'बॉर्डर'मध्ये पहाटे हंटर विमानं येतात, तेव्हा मीही इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या होत्या. फक्त लोक देशासाठी वाजवत होते आणि मी हंटरसाठी. आणि १९८२ चा 'विजेता' तर मी तोंड न उघडता पाहिला. गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, कथा आपल्या दिलीप चित्र्यांची, आणि मिग-२१ म्हणजे मिग-२१. काही बोलायला जागाच ठेवलेली नाही. अर्ध्या तासाने बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं वाटत नाहीये का?"

आता वाटेल, की असा काटेकोर माणूस स्वतः काय मॉडेलं करत असेल! तर ते टेबल एकदा बघाच. कपडे वाळत घालायचे चिमटे पंख चिकटेपर्यंत धरून ठेवायला. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कशाला ते विचारू नका. केस वाळवायचा ड्रायर रंग वाळवायला, त्यामुळे लग्नकार्याच्या दिवशी ड्रायर नेमका ऑलिव्ह हिरव्या ठिपक्यांचा. कॉकपिटमध्ये पायलटच्या खुर्चीचे पट्टे मी चॉकलेटच्या चांदीतून कापून बसवतो, डोळ्याला भिंग लावून त्यांची बकलं रंगवतो, आणि मग धडाचे दोन भाग चिकटवतो. ती खुर्ची त्यानंतर ब्रह्मदेवालाही दिसत नाही. "मग रंगवली कशाला?" असं मुलीने विचारलं होतं. "आपल्याला माहीत असतं ना, आत आहे ते," मी म्हणालो. यावर ती म्हणाली, "मग सिनेमातल्या विमानात आत जर्मन इंजिन आहे असं आपण समजलो तर?" हल्लीच्या शाळांत मुलांना काय वाट्टेल ते शिकवतात.

आमच्या फ्लॅटची फरशी मोझॅकची आहे. करड्या पार्श्वभूमीवर काळे, पांढरे, करडे ठिपके. मॉडेलचे भाग करड्या प्लास्टिकचे. विमानाचं पुढचं चाक चिमट्यातून निसटतं, 'टिक' असा आवाज येतो आणि ते चाक त्या फरशीत विलीन होतं. मग गुडघ्यांवर बसून, गालाला फरशी लावून, टॉर्चचा उजेड आडवा पाडायचा आणि सावली पडते का ते बघायचं. सावल्या पुष्कळ पडतात. शेंगदाण्याचं साल, साबुदाणा, मागच्या दिवाळीतली रांगोळी. चाक नसतं. एकदा त्या अवस्थेत असताना सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीला आले. बायकोने दार उघडलं, आत बघितलं आणि म्हणाली, "त्यांची योगासनं चाललीत."

मिग-२१ च्या नाकावर हवेचा वेग मोजणारी एक लांब नळी असते. प्लास्टिकची नळी बोजड दिसते म्हणून जाणकार ती इंजेक्शनच्या सुईतून करतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेलो आणि सगळ्यांत बारीक सुई मागितली.

"पेशंट कोण आहे?"

"मिग-२१."

त्याने सुई दिली नाही. दुसऱ्या दुकानातून, सासऱ्यांच्या इन्सुलिनचं कारण सांगून आणली. कापली, घासली, बसवली. असं सुरेख मिग दिसत होतं! दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशी कपाट पुसून झाल्यावर म्हणाल्या, "दादा, तुमच्या त्या विमानात सुई घुसली होती. लेकराबाळांचं घर आहे. काढून टाकली बघा."

अशा माणसांची एक मंडळीच आमच्या गावात आहे. महिन्यातून कधीतरी कोणाच्या तरी घरी जमतो, ज्याची बायको माहेरी गेली असेल त्याच्याकडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की सज्जनांचा मेळावा आहे. आत दोन सद्गृहस्थ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि कारण काय, तर पर्ल हार्बरवर आलेल्या झीरो विमानांचा रंग. २००१ च्या 'पर्ल हार्बर' सिनेमात ती हिरवी दाखवली आहेत, ते साफ चूक, यावर दोघांचं एकमत होतं. तेवढ्या काळात मैत्री टिकली. ती फिकट करड्या रंगाची होती यावरही एकमत. पण त्या करड्यात पिवळसर छटा होती की नाही, यावर जगभरचे जाणकार वर्षानुवर्षं भांडत आलेत, मग आमच्याकडचे का मागे राहतील? एकजण म्हणाला, "तो रंग काळानुसार पिवळा पडलाय." दुसरा म्हणाला, "रंग नाही, तुझी दृष्टी पडलीय." यजमानाने चहा आणला. एकाने कप उचलून दाखवला, "हा. साधारण या छटेचा." दुसरा चहा न पिता गेला. दोघांनाही मोतीबिंदू आहे, हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळलं, पण ते मी मंडळीत सांगितलेलं नाही. छंद टिकला पाहिजे.

सामान परदेशातून येतं हे आणखी एक प्रकरण. किटची खरी किंमत घरात कोणी सांगत नाही. मी डिलिव्हरीचा खर्च वेगळा आणि वस्तूची किंमत वेगळी अशा दोन भागांत सांगतो आणि त्यातला एकच भाग सांगतो. मध्यंतरी मी ऑफिसात असताना कुरियरवाल्याचा फोन घरी गेला. "मॅडम, साहेबांच्या नावाने पार्सल आहे. फायटर एअरक्राफ्ट, एक नग, असं लिहिलंय. लिफ्टमध्ये बसेल का?" बायको म्हणाली, "पार्किंगमध्ये जागा नाही, परत न्या." तो परत घेऊन गेला. ते विमान सोडवून आणायला मला अर्ज, आधार कार्ड आणि शिवाय एक माफीपत्र लागलं. माफीपत्र घरी.

सासऱ्यांचं या सगळ्यावर सुरुवातीपासून एकच मत आहे. "जावईबापू, या वयात खेळणी?" त्यांना मी आपल्या हवाई दलाची गोष्ट सांगून पाहिली. महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर बॉम्बर विमानांचा मोठा ढीग मुद्दाम मोडतोड करून टाकून दिला होता, कोणाला वापरता येऊ नये म्हणून. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी या विमानाचा पंख, त्या विमानाचं शेपूट असं करत त्यातून चाळीसेक विमानं उभी केली, कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. "त्यांचं कामही हेच होतं," मी म्हणालो, "फक्त एकास एक प्रमाणात." सासरे म्हणाले, "त्यांना त्याचा पगार मिळत होता."

मग मी हुकमाचं पान काढलं. 'द फ्लाइट ऑफ द फीनिक्स', १९६५. आमच्या जमातीचा मानबिंदू. वाळवंटात मालवाहू विमान कोसळतं. पाणी संपत आलेलं. एक जर्मन गृहस्थ सांगतो, मी विमानांचा अभियंता आहे, या मोडक्या विमानातून एक लहान विमान बांधता येईल. सगळे मरणाच्या दारात राबतात. काम होत आल्यावर पायलटला कळतं, की हा गृहस्थ ज्या विमानांचे आराखडे करतो ती मॉडेलं आहेत. खेळण्यातली! पायलटच्या भूमिकेत जेम्स स्टुअर्ट, जो महायुद्धात स्वतः लिबरेटर उडवून आलेला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण जर्मन डगमगत नाही. तो म्हणतो, मॉडेलमध्ये सांभाळून घ्यायला पायलट बसलेला नसतो, त्यामुळे त्याचा आराखडा खऱ्या विमानापेक्षा पक्का असावा लागतो. आणि ते विमान उडतं!

मी टीव्ही बंद करून सासऱ्यांकडे पाहिलं. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, पटलं.

"त्याचं उडालं," ते म्हणाले. "तुमचं कुठलं उडतं?"

गेल्या काही वर्षांत मात्र माझ्यावर वेगळाच प्रसंग आला आहे. सिनेमावाले शहाणे झाले. २०१९ चा 'मिडवे' घ्या, नाहीतर आपल्याकडचा २०२५ चा 'स्काय फोर्स' घ्या, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानातल्या सरगोध्यावर झालेल्या हल्ल्यावरचा. आपल्या हवाई दलाची ती फ्रेंच मिस्टेअर विमानं निवृत्त होऊन जमाना झाला, उडती आणणार कुठून? तेव्हा संगणक. संगणकाला पाहिजे ते नाक, पाहिजे तेवढी पाती आणि पाहिजे तो रंग देता येतो. धुराडी जिथे हवीत तिथे. माझ्यासारख्याने आरामखुर्चीत टेकून, आयुष्यभर मागितलेलं मिळालं म्हणून समाधानाने ढेकर द्यावा. पण काय होतं कोण जाणे. संगणकातलं विमान वळतं ते आंब्याच्या सालीवरच्या माशीसारखं. त्याला वजन नाही, वारा नाही, तेल गळत नाही, वळताना त्याच्या पोटात गोळा येत नाही. मी थिएटरात शोधशोधून चूक सापडेना म्हणून अस्वस्थ बसलो होतो. मुलीने विचारलं, "बाबा, हे बरोबर आहे ना?" बरोबर आहे म्हणायची माझ्यावर वेळ आली. आणि त्या क्षणी मला त्या लबाड, फुगलेल्या गळ्याच्या, चार पात्यांच्या बुचोनची अशी काही आठवण आली म्हणून सांगू! ते खोटं होतं. पण ते कोणीतरी खरोखर उडवत होतं.

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. 'बॅटल ऑफ ब्रिटन'साठी त्या लोकांनी वाटेल तिथून विमानं गोळा केली, दुरुस्त केली, उडवली. डक्सफर्डच्या विमानतळावरचं एक खरंखुरं हँगर स्फोटाच्या दृश्यासाठी त्यांनी उडवून दिलं, ते सोडा. पण आज जगात उडणाऱ्या जुन्या स्पिटफायरांपैकी कित्येक त्या सिनेमामुळे भंगारात जायची वाचली. बुचोनंही वाचली. त्या सिनेमात विमान उडवणाऱ्या टेक्सासच्या एका पायलटने तर मानधनाऐवजी बुचोनंच मागून घेतली, घरी नेली आणि पुढे कित्येक दशकं हँगरमध्ये नुसती ठेवून दिली. हे वाचल्यावर मी बायकोला हाक मारून सांगितलं, की बघ, आमच्या माळ्यावर तर नुसती खोकी आहेत.

ती म्हणाली, "त्याच्या बायकोचा नंबर मिळेल का?"

तर सांगायचं म्हणजे, हल्ली बुचोनचंही किट मिळतं. सिनेमातल्या रंगांसकट! म्हणजे मेसरश्मिटचं सोंग घेतलेल्या स्पॅनिश विमानाचं एकास बहात्तर सोंग. मी मागवलं आहे. मंडळीत ही बातमी गेल्यापासून नवा वाद पेटलाय: नाकाचा पिवळा रंग जर्मन हवाई दलाच्या १९४० च्या नमुन्याप्रमाणे द्यायचा, की १९६८ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी रंगाऱ्याने मारला तो द्यायचा? झीरोवरून अबोला धरलेले ते दोघे या निमित्ताने पुन्हा बोलायला लागलेत. अर्थात विरुद्ध बाजूंनी.

बुचोन झाल्यावर पुढचा नंबर आपल्या हवाई दलातल्या नॅट विमानाचा. जुन्या एअरफिक्स कंपनीचं, एकास बहात्तरचं, न उघडलेलं नॅट कोणा वाचकाच्या माळ्यावर धूळ खात पडलं असेल, तर कृपया कळवावं. योग्य किंमत दिली जाईल. फक्त पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, आणि वर 'पुस्तकं' असं लिहा.